बोर्खार्ट सी-93 : गाजला तो सांधा, टिकलं ते काडतूस

पिस्तूल नीट चाललं आणि तरीही नापास झालं. 1897 साली स्विस लष्कराच्या चाचणीत बोर्खार्ट सी-93 या जर्मन पिस्तुलाचं असं झालं. गोळीबाराबद्दल परीक्षकांची फारशी तक्रार नव्हती, तक्रार होती ती देहयष्टीबद्दल. लांबी सुमारे 35 सेंटीमीटर, रिकाम्याचं वजन जवळजवळ 1.2 किलो आणि मुठीच्या मागे मनगटावर आडवा येणारा लोखंडी डबा. अधिकाऱ्याने कमरेला काय लावायचं, पिस्तूल की शिवणयंत्राचा सुटा भाग?

त्यानंतर तीनच वर्षांत, 1900 साली, स्विस लष्कराने याच यंत्रणेवर बेतलेलं दुसरं पिस्तूल अधिकृत शस्त्र म्हणून घेतलं. त्याला जग लुगर म्हणून ओळखतं. गोष्ट एरवी अशी सांगतात की मूळ रचनाकार बोर्खार्टने बोजड वस्तू बनवली आणि जेओर्ग लुगर या दुसऱ्या रचनाकाराने ती माणसाळवली. अर्ध्यापर्यंत हे बरोबर आहे. पण आराखडे शेजारी शेजारी ठेवले की वेगळं काही दिसतं. सी-93 मध्ये तीन मोठे निर्णय होते: काडतूस, मॅगझिनची म्हणजे काडतुसांच्या पेटीची जागा, आणि गोळी सुटताना नळीचं दार बंद ठेवणाऱ्या कुलपाची पद्धत. पहिले दोन इतके बरोबर निघाले की आजही चालू आहेत. तिसरा सगळ्यात देखणा होता, त्याचंच कौतुक झालं, आणि नेमका तोच पुढे मेला. लुगरने हा तिसरा निर्णय बदलला नाही. त्याने बदलली एक स्प्रिंग. ती बदलता यावी म्हणून काय काय हलवावं लागलं, तोच या प्रकरणाचा गाभा.

आधी दारूचं बघू

एका गोळीचा धक्का वापरून पुढची गोळी आपोआप भरायची ही कल्पना बोर्खार्टची नव्हे. हायरम मॅक्झिमने 1884 मध्ये ती मशीनगनमध्ये करून दाखवली होती. हातात मावणाऱ्या शस्त्रात ती उतरत नव्हती, कारण काळी दारू. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. नळीत काजळी, सांध्यात काजळी, पाच-दहा गोळ्यांत बारीक यंत्र चिकट होऊन बसायचं. रिव्हॉल्व्हरला त्याचं फार वाटत नसे, कारण तिथे चक्र फिरवायला माणसाचं बोट असतं. स्वतःच्याच धक्क्यावर चालणाऱ्या यंत्राला मात्र प्रत्येक वेळी तेवढीच मोकळी वाट लागते.

1880च्या दशकाच्या मध्यात फ्रान्समध्ये बिनधुराची दारू आली आणि हा अडसर गेला. थोड्या दारूत जास्त दाब, घाण नगण्य, आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक काडतुसाचा जोर जवळपास सारखा. मग युरोपभर, विशेषतः ऑस्ट्रियात, आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांचे आराखडे निघू लागले. बहुतेक नमुन्यापुढे सरकले नाहीत. दुकानात जाऊन विकत घेता येईल आणि बऱ्यापैकी संख्येने बनेल असं पहिलं पिस्तूल म्हणून मान सी-93 ला दिला जातो. नावातला ‘सी’ म्हणजे जर्मन भाषेतली रचना, आणि 93 म्हणजे 1893, पेटंटचं वर्ष. बर्लिनच्या लुडविग लोव्हे कंपनीने ते बनवायला घेतलं. 1896-97 मध्ये त्या कंपनीचा शस्त्रविभाग डीडब्ल्यूएम या नव्या कंपनीत गेला आणि शतक उलटेपर्यंत उत्पादन तिथे रेंगाळत राहिलं. एकूण संख्या सुमारे 3000.

ह्यूगो बोर्खार्टचा जन्म 1844 चा, माग्देबुर्गचा. कोवळ्या वयात तो अमेरिकेला गेला, आणि तिथे त्याने कुठे कुठे काम केलं ते पाहिलं की सी-93 चा निम्मा उलगडा होतो. शार्प्स कंपनीत तो कारखान्याचा प्रमुख होता. 1878 ची शार्प्स-बोर्खार्ट रायफल त्याचीच. विंचेस्टरमध्येही तो होता. विंचेस्टरच्या 1866 आणि 1873 च्या रायफलींत खालचा दांडा ओढला की आत दोन कड्यांचा सांधा मोडतो आणि नळीचं दार उघडतं. पुढे बुडापेस्टच्या शस्त्रकारखान्यात काम करून तो बर्लिनला लोव्हेकडे आला, तेव्हा त्या कंपनीचा मॅक्झिमच्या मशीनगनशी व्यवहार चालू होता. मॅक्झिमच्या यंत्रातही तोच सांधा, फक्त तिथे तो माणूस नव्हे तर धक्का मोडतो. विंचेस्टरचा सांधा आणि मॅक्झिमचा धक्का या दोहोंशी परिचय असलेला माणूस पिस्तूल करायला बसला तर काय करेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

गुडघा

जर्मन लोक या सांध्याला गुडघाच म्हणतात आणि उपमा चपखल आहे. पाय सरळ ताठ असला की वरून कितीही भार पेलतो. गुडघ्याच्या मागून कोणी टिचकी मारली की तोच माणूस कोसळतो.

घरातलं उदाहरण हवं असेल तर घडीचं टेबल घ्या. पाय उघडला की त्याच्या मधली दोन तुकड्यांची कडी सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन बसते. त्यानंतर टेबलावर शिलाई मशीन ठेवा नाहीतर धान्याचं पोतं, पाय मिटत नाही, कारण भार कडीला आणखी घट्ट बसवतो. पण खालून एका बोटाने कडी उचलली की पाय चटकन मिटतो. सी-93 चं कुलूप हेच आणि एवढंच.

नळीच्या मागे दार म्हणून एक ठोकळा असतो. त्याच्यामागे दोन कड्या, तीन खिळींवर जोडलेल्या. बंद स्थितीत मधली खिळ पुढच्या आणि मागच्या खिळींना जोडणाऱ्या रेषेच्या जराशी खाली असते. गोळी सुटली की दाब ठोकळ्याला मागे रेटतो, रेटा कड्यांतून जातो आणि मधल्या खिळीला आणखी खाली दाबतो. खाली तर सांगाडा आहे, त्यामुळे कुलूप उघडत नाही. नळी, ठोकळा आणि कड्या असा सगळा संच एकत्रच काही मिलिमीटर मागे सरकतो. तेवढ्या वेळात गोळी नळीबाहेर पडलेली असते आणि दाब ओसरलेला असतो.

आता गुडघ्यामागची टिचकी. मागे सरकणाऱ्या संचाला एक अडथळा भेटतो आणि तो मधल्या खिळीला वर ढकलतो. सी-93 मध्ये हे काम मागच्या कडीवरचं छोटं चाक आणि मागच्या डब्याचा आतून वळवलेला पृष्ठभाग मिळून करत. लुगरमध्ये कड्यांच्या दोन बाजूंना गोल बोंडं आहेत आणि ती सांगाड्यावरच्या उतारांवर आपटतात. एकदा मधली खिळ रेषेच्या वर गेली की कुलूप संपलं: गुडघा वर दुमडतो, ठोकळा मागे जातो, झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी ओढून वर फेकली जाते, स्प्रिंग ताणली जाते. परतीच्या वाटेवर ठोकळा मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस ढकलून नळीत बसवतो, गुडघा पुन्हा ताठ होतो, मधली खिळ पुन्हा रेषेखाली.

यंत्र म्हणून हे बघण्यासारखं आहे. नळी फक्त सरळ मागे-पुढे जाते, वर-खाली हलत नाही, आणि त्यामुळे नेम चांगला लागतो. लुगर पुढे अचूकतेसाठी नावाजलं गेलं त्यामागचं एक मुख्य कारण हेच. शिवाय उघडण्याची क्रिया चाकासारखी गुळगुळीत असते. पण ही रचना दोन गोष्टी मागते आणि त्यांची किंमत मोजायला लावते. पहिली म्हणजे ठोकळ्याला मागे जायला आणि गुडघ्याला वर दुमडायला भरपूर जागा. दुसरी म्हणजे दर वेळी तोच, तेवढाच धक्का.

डबा कुठून आला

सी-93 च्या मागच्या डब्यात घड्याळाच्या कमानीसारखी पट्टीची स्प्रिंग होती. गुडघा मागे दुमडला की ती ताणायची आणि त्याला परत ओढायची. मागे जाणारा भाग मागेच आहे, मग त्याला ओढणारी स्प्रिंगही मागेच ठेवली, इतका सरळ विचार. पण त्याची फळं सगळ्या पिस्तुलाला भोगावी लागली.

मूठ जवळजवळ मध्यावर आली, कारण तिच्या मागे डबा हवा होता. मूठ जवळजवळ काटकोनात उभी राहिली, त्यामुळे मनगट नैसर्गिकपणे रोखलं की नळी खाली बघायची. मागचा भार हाताच्या बेचक्यावर लोंबायचा. स्प्रिंग डब्यात असल्याने ती काढणं आणि बसवणं हे शिपायाचं काम राहिलं नाही. तिचा ताण काडतुसाच्या जोराशी जुळवावा लागे आणि तो चुकला की यंत्र अडखळे. स्प्रिंग ढिली असली तर गुडघा शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये पूर्ण ताठ होत नाही. घट्ट असली तर ठोकळा पुरेसा मागे जात नाही आणि पुढचं काडतूस उचललंच जात नाही. दोन्ही वेळा पिस्तूल गप्प.

एक मात्र मान्य करायला हवं. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता मागे जोडला की हेच बेंगरूळ पिस्तूल एकदम समजूतदार वाटतं. डबा खांद्याकडे जातो, मूठ मध्यावर असल्याने तोल साधतो आणि हातात छोटी, हलकी, आठ गोळ्यांची कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, येते. पिस्तूल दस्त्यासकट विकलं जायचं ते उगाच नव्हे. बोर्खार्टच्या मनात कदाचित हीच वस्तू होती. लष्करांना मात्र हवं होतं रिव्हॉल्व्हरच्या जागी लावता येईल असं काही. स्विस अधिकाऱ्यांच्या कमरेला तेव्हा 1882 चं साडेसात मिलिमीटरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. सी-93 त्याच्या म्यानात जाणं शक्यच नव्हतं.

अमेरिकी नौदलाच्या मंडळाने 1894 मध्येच हे पिस्तूल न्यूपोर्टला पाहिलं होतं, 1897 मध्ये अमेरिकी लष्करानेही तपासलं. मोठी मागणी कुठूनच आली नाही.

चार मिलिमीटर

जेओर्ग लुगर ऑस्ट्रियाचा, 1849 चा जन्म, टायरॉलमधल्या श्टाइनाखचा. ऑस्ट्रियाच्या सैन्यात काही वर्षं काढलेला, नंतर शस्त्ररचनेत मुरलेला. 1891 पासून तो लोव्हेकडे होता आणि सी-93 घेऊन चाचण्यांना उभं राहण्याचं काम त्याच्या वाट्याला येई. थोडक्यात, गिऱ्हाइकाची कुरकुर बोर्खार्टला नव्हे, लुगरला ऐकावी लागे. बोर्खार्टने स्वतः या दुरुस्त्यांत रस घेतला नाही असं सांगतात. ते काहीही असो, 1898 च्या स्विस चाचण्यांत बर्गमन, मानलिखर आणि मौझर यांच्या पिस्तुलांबरोबर जे पिस्तूल उतरलं ते सुधारित बोर्खार्ट होतं आणि सुधारणा लुगरच्या होत्या.

या सुधारणांची यादी सहसा अशी देतात: मूठ तिरकी केली, डबा काढला, वजन घटवलं, सेफ्टी लावली. यादी खरी आहे, पण त्यातून वाटतं की या चार सुट्या गोष्टी होत्या. त्या सुट्या नव्हत्या. एकीला धक्का दिल्याशिवाय दुसरी हलत नव्हती, आणि पहिला धक्का काडतुसाला बसला.

सी-93 चं काडतूस 7.65 मिलिमीटरचं, पुंगळीची लांबी 25 मिलिमीटर, बाटलीसारखी मान असलेली, साडेपाच ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण 390 मीटर वेगाने फेकणारं. लुगरने व्यास तोच ठेवला आणि पुंगळी 21 मिलिमीटरची केली. वेग थोडा उतरला. पण चार मिलिमीटर कमी झाल्याने काय झालं ते पाहा.

काडतुसं मॅगझिनमध्ये आडवी रचलेली असतात, म्हणजे काडतूस जितकं लांब तितकी मूठ पुढून मागे रुंद. काडतूस आखूड झालं, मॅगझिन अरुंद झालं आणि मुठीत मॅगझिनच्या मागे फट मिळाली. स्प्रिंग त्या फटीत गेली. सुरुवातीला पट्टीची होती, 1906 च्या आवृत्तीपासून वेटोळ्याची. स्प्रिंग मुठीत गेली, म्हणजे मागच्या डब्याचं कामच संपलं. डबा गेला, म्हणजे मूठ मागे सरकवता आली आणि तिरकी करता आली. शिवाय आखूड काडतूस उचलायला ठोकळ्याला मागे जावं लागतं तेही कमी, त्यामुळे गुडघाही आटोपशीर झाला. 1900 च्या स्विस पिस्तुलाची नळी 120 मिलिमीटर, एकूण लांबी 24 सेंटीमीटरच्या आसपास, वजन 850 ग्रॅमच्या आत-बाहेर. सी-93 पेक्षा सुमारे 300 ग्रॅम कमी.

नव्या यंत्रात स्प्रिंग थेट गुडघ्याला जोडलेली नाही. मागच्या कडीला लटकणारा एक आकडा मुठीतल्या स्प्रिंगला धरतो. पिस्तूल उघडून पुन्हा जोडताना हा आकडा त्याच्या जागी नीट पडला नाही तर गुडघा हाताने वर जातो आणि तसाच लुळा राहतो, परत येत नाही. जुन्या लुगरबद्दलच्या ‘स्प्रिंग गेली’ या तक्रारीमागे पुष्कळदा स्प्रिंग नसतेच, हा चुकलेला आकडा असतो.

स्विस पिस्तुलाच्या नळीवर किरणांच्या पार्श्वभूमीवर क्रॉस कोरलेला असे आणि मुठीच्या मागे दाबायची सेफ्टी होती. हात मुठीवर नीट बसल्याशिवाय गोळी सुटत नसे. नंतर जर्मनीने हे पिस्तूल घेतलं, नौदलाने 1904 मध्ये, भूदलाने 1908 मध्ये. म्हणून ‘पी 08’. भूदलाच्या पिस्तुलातून ती मुठीची सेफ्टी गेली आणि बाजूचा खटका तेवढा उरला. जर्मनांना व्यास मोठा हवा होता. लुगरने 21 मिलिमीटरच्या पुंगळीची मान उघडून 9 मिलिमीटरची गोळी बसवली. सरळ झाल्यावर पुंगळीची लांबी ठरली 19 मिलिमीटर. 1902 ची ही गोष्ट. ठोकळा तोच, मॅगझिन तेच, बदलली फक्त नळी. कंपनीच्या लॅटिन ब्रीदावरून या काडतुसांना ‘पॅराबेलम’ नाव पडलं.

ज्याचं त्याला

पी 08 हातात घेऊन निरखलं तर सुट्या भागांवर, अगदी चापाच्या तुकड्यावर आणि सेफ्टीच्या खटक्यावरसुद्धा, दोन आकडे ठोकलेले दिसतात. पिस्तुलाच्या क्रमांकाचे ते शेवटचे दोन आकडे. चाप, खटका, मॅगझिन सोडवणारं बटण अशा काही भागांना जुन्या नमुन्यांत उन्हात वाळलेल्या गवतासारखी पिवळसर झाक असते, बाकी पिस्तूल निळं-काळं. झाक दिसायला छान आहे. आकडे छानपणासाठी नाहीत.

भाग एकमेकांत कानशीने घासून बसवलेले असायचे. दहा पिस्तुलं साफसफाईसाठी एकत्र उघडली आणि भाग मिसळले तर पिस्तुलं पुन्हा जोडली जातात, पण सगळी चालतातच असं नाही. चापाची हालचाल बाजूच्या पट्टीतल्या एका कोपऱ्यातल्या तरफेतून आत जाते. पट्टी दुसऱ्या पिस्तुलाची असली तर चाप ओढूनही काही होत नाही, किंवा होऊ नये तेव्हा होतं. या पट्टीच्या बाबतीत जुनं लुगर जवळ असलेल्यांना हमखास बजावतात: पट्टी काढलेली असली तरी नळीत काडतूस असेल तर ते सुटू शकतं, कारण काडतुसावर आपटणाऱ्या ठोक्याला धरणारा तुकडा नळीच्या संचाच्या अंगावर बाहेरूनच बसवलेला आहे. चाप नाही म्हणजे धोका नाही, हा समज इथे चालत नाही.

बिघाडांचं मूळ बहुतेक वेळा काडतुसात सापडतं. गुडघा धक्क्याच्या हिशेबावर चालतो. दारू कमजोर असली तर मधली खिळ वर जाते खरी, पण ठोकळा पुरेसा मागे जात नाही. मग पुंगळी अर्धवट अडकते, किंवा पुंगळी बाहेर पडते पण पुढचं काडतूस उचललं जात नाही आणि नळी रिकामीच बंद होते. दुसरं मॅगझिन. ठोकळ्याची परतीची झेप वेगवान असते, तेवढ्या वेळात काडतुसं वर यायला मॅगझिनची स्प्रिंग चांगली कडक लागते. इतकी कडक की शेवटची दोन-तीन काडतुसं अंगठ्याने भरताना नख उलटतं. त्यासाठी म्यानाच्या झाकणात एक छोटं लोखंडी हत्यार दिलेलं असे. भरायला मदत करणारं हत्यार सोबत द्यावं लागतं यातच रचनेची कबुली आहे.

तिसरी गोष्ट चिखल. गुडघा वर उघडतो, म्हणजे दर गोळीला पिस्तूल आपलं पोट आभाळाकडे उघडतं. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत याला कोणी चांगलं म्हटलं नसेल. तरी जर्मन सैन्याने लुगर सोडलं नाही. उलट 200 मिलिमीटर नळीची, दस्ता लावायची आवृत्ती तोफखान्याला दिली आणि तिच्यासाठी गोगलगाईच्या आकाराचं 32 गोळ्यांचं मॅगझिनही काढलं. लांब नळी, दस्ता, कार्बाइनसारखा वापर: सी-93 दुसऱ्या दाराने परत आलं म्हणायला हरकत नाही.

ब्राउनिंगचा साधेपणा

याच वर्षांत जॉन ब्राउनिंगने दुसरी वाट धरली. बेल्जियमच्या एफएन कंपनीचं 1900 चं ब्राउनिंग पिस्तूल 7.65 मिलिमीटरच्या आखूड, कमी जोराच्या काडतुसावर चालतं आणि त्यात कुलूपच नाही. जड सरकतं दार आणि स्प्रिंग एवढ्यावर भागतं. हे पिस्तूल सात लाखांहून जास्त बनलं. सी-93 च्या तीन हजारांशेजारी हा आकडा ठेवला की बाजाराला काय हवं होतं ते कळतं. जोरदार काडतुसासाठी ब्राउनिंगने नळी खाली झुकवणारं कुलूप काढलं आणि दार, कुलपाच्या खाचा, नेमाची खूण हे सगळं एका सरकत्या तुकड्यात, म्हणजे स्लाइडमध्ये, बसवलं. स्लाइड यंत्राला झाकतेही. भाग कमी, घासून बसवण्याची गरज कमी, चिखलाला वाट कमी. हलती नळी सरळ रेषेत राहत नाही, म्हणून अचूकतेत थोडं मागे. पण लष्कराच्या पिस्तुलाचा नेम कुठे 50 मीटरवर तपासला जातो?

ब्राउनिंग पिस्तूल महाराष्ट्राच्या इतिहासातही येतं. 1909 मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या खोट्या तळात 20 ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली, आणि 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगच होतं. पेटीच्या तळात वीस पिस्तुलं मावली याचं श्रेय आकाराला आहे. वीस सी-93 साठी पेटी नव्हे, कपाट लागलं असतं.

लुगरला ब्राउनिंगशी समोरासमोर भिडण्याची संधी एकदा आली. अमेरिकी लष्कराने 1901 मध्ये 1000 लुगर तपासणीसाठी घेतली होती. 1907 मध्ये त्यांनी 0.45 इंच व्यासाची अट घालून नव्याने चाचण्या ठेवल्या. लुगरने त्या व्यासाचे मोजके नमुने केले. काडतुसं अमेरिकी बनावटीची होती, आणि सगळा हिशेब काडतुसाच्या जोराभोवती बांधलेल्या यंत्राला परकी काडतुसं मिळणं म्हणजे पाहुण्याच्या घरी आपलं पथ्य सांभाळण्यासारखं. पुढच्या फेरीसाठी 200 पिस्तुलांची मागणी आली. 1908 मध्ये डीडब्ल्यूएमने ती नाकारली. कारणाबद्दल तर्क बरेच आहेत, पण जर्मन भूदलाची मागणी त्याच वर्षी पक्की झाली, एवढं लक्षात घेतलं तर फार खोल जायला नको. 1911 मध्ये कोल्टचं, म्हणजे ब्राउनिंगचं, पिस्तूल अमेरिकेने घेतलं.

काय उरलं

लुगर 1923 मध्ये गेला, बोर्खार्ट 1924 मध्ये. जर्मनीने 1938 मध्ये वाल्थर पी 38 घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यावर लष्करासाठी लुगर बनवणं थांबलं. गुडघ्याच्या सांध्याचं लष्करी पिस्तूल त्यानंतर कोणी नव्याने घेतलं नाही.

काडतुसाची कथा वेगळी. सी-93 चं 25 मिलिमीटर पुंगळीचं मूळ काडतूस मौझरने 1896 च्या आपल्या पिस्तुलासाठी जवळजवळ जसंच्या तसं उचललं, दारू वाढवली आणि त्याला 7.63 म्हटलं. 26 ऑगस्ट 1914 ला कोलकात्यात रोडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी 50 मौझर आणि 46,000 काडतुसं पळवली, ती याच घराण्यातली. त्यानंतर रशियाने हेच काडतूस 7.62 म्हणून टोकारेव्ह पिस्तुलासाठी घेतलं, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या सबमशीनगनींतून ते अगणित संख्येने झाडलं गेलं. ज्या पिस्तुलासाठी ते जन्मलं ते तीन हजारांवर थांबलं होतं.

दुसरी शाखा लुगरच्या कात्रीतून निघालेली. 25 ची 21 झाली, 21 ची 19. बुडाचा व्यास मात्र तिन्हींत सुमारे 10 मिलिमीटर, नखाच्या जाडीइतकाही फरक नाही. आणि काडतुसं मुठीत सुटं मॅगझिन घालून भरायची ही सी-93 ची दुसरी गोष्ट आज इतकी सवयीची आहे की ती कोणीतरी ठरवली होती हेच लक्षात येत नाही. मौझरच्या 1896 च्या पिस्तुलात मॅगझिन चापाच्या पुढे होतं. ती वाट ओस पडली.

1949 मध्ये स्विस लष्कराने लुगर निवृत्त करून सिग कंपनीचं नवं पिस्तूल घेतलं. त्यात गुडघा नाही, ब्राउनिंगच्या पद्धतीची झुकणारी नळी आहे. मॅगझिन मुठीत आहे, आठ गोळ्यांचं, सी-93 इतकंच. आणि काडतूस 9 मिलिमीटर पॅराबेलम.